सव्वा मूठ आणि हट्टी लहर

जळगाव स्टेशनावर मला सोडायला आबा, म्हणजे माझे वडील, आणि भाऊ आले होते. माय घरीच राहिली, गाडी हलताना बघवत नाही म्हणाली. समोरच्या रुळावर केळीनं भरलेली मालगाडी उभी होती आणि आबा सगळा वेळ तिच्याकडंच बघत होते, जणू तीच परदेशी चालली होती. भाऊ मला सारखं तिकीट तपासायला लावत होता. शेवटी शिट्टी झाली तेव्हा आबांनी खिडकीच्या गजावर हात ठेवला.

"कानबाईले घर येजो," ते म्हणाले. "बाकी तुनं तू देख."

खानदेशाबाहेरच्यांना यातलं वजन कळणार नाही, म्हणून सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या धरणगावच्या घरी कानबाई बसते. नारळाला डोळे, नाक, नथ लावून देवीचा मुखवटा करतात, रात्र गाण्यांत जाते आणि सोमवारी वाजतगाजत बोळवण. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात. पाळण्यातल्या पोराचीही मूठ निघते. भाऊ-भाऊ वेगळे झाले की मुठीही वेगळ्या होतात. आणि हे रोट पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचे, शेजाऱ्याला तुकडाही द्यायचा नाही. थोडक्यात, ही मूठ म्हणजे आमचं खरं रेशनकार्ड.

मी बर्लिनला आलो ती नव्वदीची मधली वर्षं. काम असं मिळालं, की ते काय आहे हे घरी समजावून सांगायचा नाद मी लवकरच सोडून दिला. मॉड्युलर सॉफ्टवेअर, म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर डबे मांडायचे, ते तारांनी जोडायचे आणि त्यातून आवाज काढायचा. माझ्या वाट्याला आला होता तो ऐंशीच्या दशकातला एक जपानी एफएम कीबोर्ड. तो जसा वाजायचा तसाच या डब्यांतून वाजला पाहिजे. इंटरव्ह्यूत विचारलं, हा कीबोर्ड कधी हाताळलाय का? मला हसू आवरलं नाही. हाच कीबोर्ड भाऊनं मुंबईच्या एका वादकाकडून जुना घेतला होता आणि त्याच्यावर आमचा ऑर्केस्ट्रा जळगाव-धुळ्यात नाव कमावून होता. भाऊ सूत्रसंचालन करायचा, मी वाजवायचो. धुळ्याला देवपुरात आमचा नागीण नाच सुरू झाला की लोक गच्च्यांवर चढायचे.

त्या नाचाच्या आवाजाचं मर्म होतं फीडबॅक. या कीबोर्डात एक लहर दुसरीला हलवते आणि त्यातून स्वर तयार होतो, एफएम म्हणतात ते हेच. पण एक लहर अशी, की तिचं बाहेर पडलेलंच परत तिच्यात सोडता येतं, म्हणजे ती स्वतःच स्वतःला हलवते. थोडं सोडलं तर बासरी सनईकडं झुकते. शेवटच्या आकड्यापर्यंत सोडलं की आवाजाला करवतीचे दात फुटतात. आमची नागीण त्या शेवटच्या आकड्यावरच डोलायची.

पहिल्या वर्षी कानबाईला गेलो नाही, कागदपत्रं अडकली होती. दुसऱ्या वर्षी काम होतं. तिसऱ्या वर्षी आषाढातच भाऊचा फोन आला. आबा माजघरात सगळ्यांसमोर बोलले होते. "जो येत नही तो वेगळा निंघना. तेनी मूठ कशाले लेवानी?" भाऊनं हे मला आबांच्याच आवाजात सांगितलं, गंमत म्हणून. मला गंमत वाटली नाही. आबा एकदा बोलले की मागं फिरत नाहीत, हे आम्ही दोघंही जाणून होतो. मी त्याच दुपारी जाऊन तिकीट काढलं, कानबाईच्या आधीच्या शुक्रवारचं.

साहेबांनी रजा दिली, पण एका अटीवर. प्रोग्रामची सीडी त्याच शुक्रवारी संध्याकाळी छापायला जाणार होती. त्याआधी माझा डबा तयार पाहिजे. झाला तर खुशाल जा.

डबा होत नव्हता. आधी तर फीडबॅकची तार जोडली की नुसती किंकाळी यायची, कारण सॉफ्टवेअर आवाज गठ्ठ्यागठ्ठ्यानं हाताळायचं आणि बाहेर पडलेलं परत आत जायला उशीर व्हायचा. ते मी निस्तरलं, आवाज कणाकणानं फिरवला. आता सूर लागला, पण आमची नागीण येईना. मी फीडबॅक वाढवत गेलो. एका मर्यादेपलीकडं ती लहर बिथरायची, एक कण वर, पुढचा खाली, आणि सूर फाटून नुसती खरखर उरायची. माझ्या शेजारी बसणाऱ्या काट्रिननं सुचवलं, की मागच्या दोन कणांची सरासरी काढून ती आत सोड, जुन्या चिपमध्ये बहुतेक तेच करत असावेत. करून पाहिलं. लहर शहाण्या पोरासारखी वागायला लागली, पण धार गेली. मी ते काढून टाकलं. काट्रिनला म्हणालो, हा कीबोर्ड मी पाचशे माणसांसमोर वाजवलाय, मला सांगू नकोस. ती खांदे उडवून आपल्या कामाला लागली.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बॅग भरून दाराशी ठेवली होती, येता-जाता तिला अडखळायचो. ऑफिसात तसला एक जुना कीबोर्ड होता, पण तो कधीच बंद पडलेला, त्यामुळं ताडून बघायला माझ्या कानांशिवाय काही नव्हतं. आणि कान तर रोज नवंच काही सांगत होते. बुधवारी शेजाऱ्यांकडं फोन करून मायला बोलावलं, तर ती विचारत होती, की गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी तुझ्यासाठी तिखट करू का बेताची. मी म्हणालो, तिखट कर.

गुरुवारी सकाळी भाऊला निरोप धाडला, की कीबोर्ड घेऊन बसस्टँडजवळच्या फोनबूथवर ये. तो रिक्षात घालून घेऊन आला. बूथवाला आमच्या ऑर्केस्ट्रात ढोलक वाजवायचा, म्हणून चाललं. भाऊनं हेडफोन रिसिव्हरला लावला आणि नागिणीचा सूर धरला.

फोनमधून आला तो एक साधा, नीटनेटका स्वर. दात होते, पण बारीक. मी भाऊला म्हणालो, चुकीचा आवाज लावलायस, आपला लाव. माझंच बोलणं क्षणभरानं माझ्या कानात परत आलं, आणि त्यामागून भाऊ.

"हाऊच शे रे आपला. आठे भोंगा कोठे लायेल शे?" मग तो हसला. "तू भोंगानं गाणं पेटीमा शोधी ऱ्हायना."

मी खुर्चीत मागं टेकलो. खरंच, तिथं बूथवर कुठला भोंगा लावलेला असणार? आमची नागीण कीबोर्डात कधी नव्हतीच. ती होती खांबावर बांधलेल्या पत्र्याच्या भोंग्यात, तापलेल्या अँप्लिफायरमध्ये, देवपुरातल्या त्या बोळात. कीबोर्ड बिचारा आपला सरळ सूर देत होता, बाकीचं सगळं आमच्या गल्ल्यांनी केलेलं. आणि मी आठवडेच्या आठवडे एका लहरीचा गळा आवळून तिच्याकडून अख्खं धुळं काढू बघत होतो. भाऊ पलीकडून हॅलो हॅलो करत होता.

काट्रिनची सरासरी परत घातली, फीडबॅक खाली आणला, आणि सूर फोनवर ऐकलेल्या सुराशी असा बसला, की तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. ती काही बोलली नाही, हे तिचे उपकार. पण हट्टापायी मी सगळेच आवाज वाढीव फीडबॅकवर बांधून ठेवले होते. ते एकेक करून परत लावणं आलं. शुक्रवारी दुपारी माझं विमान उडालं तेव्हा मी त्यातल्या घंटांच्या आवाजापाशी होतो. संध्याकाळी सीडी गेली. साहेबांनी पाठ थोपटली आणि रजेचं विचारलं. पुढचं तिकीट मिळत होतं ते मंगळवारचं, आणि बोळवण सोमवारी. मी रजा नको म्हणालो.

शनिवारी मी भरलेली बॅग रिकामी केली. रविवारी दिवसभर घड्याळात साडेतीन तास मिळवत बसलो. आता गहू काढत असतील. आता मायचा हात माझ्या नावापाशी आला असेल, आणि तिनं आबांकडं बघितलं असेल. त्यापुढं डोकं चालायचं नाही. माझ्या नावाची मूठ नाही निघाली तर माझं तिथं नक्की काय उरतं, हे मी स्वतःला विचारत होतो, आणि उत्तर यायच्या आत उठून खोलीत फेऱ्या मारत होतो.

सोमवारी बोळवण झाल्यावर भाऊनं बूथवरून फोन केला. त्याचा आवाज बसलेला होता, बहुतेक गाण्यांनी. मी सरळ मुठीचं विचारलं. तो म्हणाला, तूच विचार, आणि रिसिव्हर कुणाच्या तरी हातात दिला. श्वासावरून ओळखलं, आबा. मला एकदम लहान असल्यासारखं झालं. विचारायचं होतं ते तसंच राहिलं.

"लिन्ही तुनी मूठ," आबा म्हणाले. म्हणजे घेतली होती. मग म्हणाले, "तुना वाटाना रोट मी खाधा. गोड नही लागना."

त्यांनी फोन ठेवला. मी मात्र ठेवला नाही, उगाच कानाला धरून बसलो आणि रडलो.

तुम्ही जे तिथं राहिलात आणि आम्ही जे निघून आलो, त्या सगळ्यांना लिहितो आहे. बर्लिनमध्ये माझ्या दारावर माझ्या नावाची पाटी आहे, आणि कुणी घर कुठं विचारलं तर मी हाच पत्ता सांगतो. त्यात खोटं काही नाही. पण मी गेलो नाही तर माझ्या वाट्याचा घास ज्यांना गिळावा लागतो, त्यांचं घरही माझंच आहे. तिथं मी आता दर श्रावणात जातो, आणि माझा रोट मी खातो.