भैरवीनंतर

भाचीच्या लग्नात कार्यालयाच्या कोपऱ्यात एक वयस्कर सतारवादक वाजवत होते. जेवणं उरकत आली असं वाटून त्यांनी भैरवी घेतली. भैरवी झाली की मैफल संपते, मग काही वाजवायचं नसतं. माझा घास हातातच राहिला. सतारीला नमस्कार करून ते खोळ चढवू लागले, तोच माझे मेहुणे धावत आले.

"काका, थांबलात का? अजून पंगती व्हायच्यात!"

"भैरवी झाली हो."

"मग तीच परत वाजवा. छान होती."

त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला. गुरूची अशी माफी मागतात, पण तिथे कोणाचं लक्ष होतं? खोळ काढून त्यांनी पुन्हा भैरवी धरली, आणि पुढच्या प्रत्येक पंगतीलाही तीच. स्वतःची मैफल स्वतः संपवण्याइतकंही त्यांच्या हाती नव्हतं.

निघताना मी म्हणालो, "भैरवी फार सुंदर झाली."

ते खोळ बांधत म्हणाले, "कुठल्या पंगतीची?"