अप्पांची गुळाची कॉफी

राजारामपुरीत आमच्या घराखाली अप्पांचं गुळाचं दुकान होतं, आणि अख्ख्या गल्लीत चहाला न शिवणारा तेवढा एकच माणूस होता. "पानी रंगवून देत्यात," म्हणून ते चहाकडे पाठ फिरवत. त्यांची कॉफीची पूड बेळगावची बहीण पाठवायची. सकाळी लिंगपूजा झाली की कॉफी उकळायची, खाली उतरवून तीत गूळ घालायचा. साखर त्यांच्या घरात वर्ज्य. "साखर कारखान्याची, गूळ गुऱ्हाळाचा," एवढ्यावर त्यांचा वाद संपायचा.

दुकानात आलेल्या माणसाला गुळाआधी सल्ला मिळे. केसगळती, मुलीचं लग्न, गुडघेदुखी, काही चाले. आम्ही वरून ऐकत हसायचो. पण कुणाच्या घरी आजारपण आलं की डबा घेऊन पहिले अप्पाच दारात उभे असत, हेही खरं. माझ्या आईला ते 'तंगेव्वा' म्हणत. कानडीत धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. आईला सख्खा भाऊ उरला नव्हता, त्यामुळे ती हाक तिला फार गोड लागे.

मधुमेहाने आईच्या वडिलांचा पाय कापावा लागला होता, नंतर मामाचाही. दोन हजार सालानंतर कधीतरी डॉक्टरांनी आईला सांगितलं, "काठावर आहात, सांभाळा." तेव्हापासून ती रोज आंघोळीनंतर तळपाय निरखून बघायची. त्याच सुमारास पेपरात आलं, की कॉफी पिणाऱ्यांत मधुमेह कमी आढळतो. अप्पांनी कात्रण कापून गल्ल्याच्या काचेखाली सरकवलं आणि आईला बोलावून घेतलं. "तंगेव्वा, चहा बंद. चार येळा कॉफी. आनि गूळ घाल, साखर न्हाय."

आईने ते व्रतासारखं पाळलं. दिवाळीत लाडवाला हात लावला नाही. आठ महिन्यांनी रक्त तपासलं, तर साखर दुपटीने वाढलेली. डॉक्टर म्हणाले, "अहो, गूळ पोटात गेला की त्याचीही साखरच होते. आणि कॉफी म्हणजे काही औषध नव्हे."

मी रिपोर्ट घेऊन तशीच दुकानात गेले. गिऱ्हाइकं होती, तरी बोलले, "तुमच्या गुळानं आईचा पाय जाईल, अप्पा!" इतकं कुणी त्यांना कधी बोललं नसेल. त्यांनी काच उचलली, कात्रण काढलं, डोळ्यांजवळ धरून पुन्हा वाचलं.

"ह्यात गूळ न्हायच की," ते म्हणाले. "त्यो मीच घातला."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद. अप्पांनी ज्यांना ज्यांना गुळाची कॉफी प्यायला सांगितली होती त्या प्रत्येकाच्या दारात ते गेले आणि हात जोडून म्हणाले, "चुकलो. गूळबी साखरच हाय." एकाने विचारलंच, "अप्पा, असं सांगत फिरलासा तर धंदा बुडंल की!" "बुडूं दे. मानूस ऱ्हायला पायजे." त्यानंतर गूळ तोलण्याआधी ते विचारत, "घरात शुगर हाय काय कुनाला?" हो म्हटलं की ढेप परत जागेवर. मोठेपणा कशाला म्हणतात ते मला तेव्हा कळलं.

आईला बिनगुळाची कॉफी घशाखाली उतरेना. मग अप्पा रोज दहाला वर येऊन तिच्यासमोर तशीच कडू कॉफी पिऊ लागले. तोंड इतकं वाकडं करत, की आईला हसू फुटे. त्यांना स्वतःला मधुमेह नव्हता. मी म्हटलं, तुम्ही कशाला? तर म्हणाले, "हिला कडू पाजून मी गोड पिऊ व्हय?" कॉफीनंतर ते तिला कळंब्याच्या तळ्यावर फिरायला नेत. औषधं आणि ही पायपीट, दोन्हींनी आईची साखर हळूहळू आटोक्यात आली.

सहा वर्षांनी अप्पांच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. आम्ही दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा ते फार थकले होते. त्या दुकानातल्या बोलण्याची माफी मागायची असं मी वाटेत ठरवलं होतं. ओठाशी आलंही होतं. तेवढ्यात ते आईला म्हणाले, "पाय दाव."

वडीलधाऱ्यापुढे पाय कसे करायचे? आई ओशाळली, पदराशी चाळा करत बसली. "दाव की गं," ते पुन्हा म्हणाले. शेवटी तिने चपला काढल्या आणि पावलं पलंगाच्या कडेला टेकवली. अप्पांनी मान वळवून ती बराच वेळ पाहिली. मग हात पुढे करून त्यांनी आईच्या पावलांना स्पर्श केला, आणि तोच हात कपाळाला लावला.