शेवटच्या पट्ट्यातला वळू

नोकरीत मी दंगली पाहिल्या, खुनांचे पंचनामे केले. पण तुम्हाला खरी भीती कधी वाटली, असं कुणी विचारलं तर मला राहुरी तालुक्यातला उसाचा एक फड आठवतो.

तेव्हा मी तिथल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना पन्नाशीची एक शेतकरीण फिर्याद द्यायला आली. तिचा खिलार वळू पहाटे गोठ्यातून चोरीला गेला होता. सासऱ्यांच्या माघारी घरातली जनावरांची पैदास तीच बघायची. कोणतं खोंड वळू म्हणून राखायचं आणि कोणतं खच्ची करून बैल करायचं, हे ती ठरवायची. आसपासच्या गावांतले लोक गायी घेऊन तिच्याकडे यायचे.

हवालदारानं जनावराचं वर्णन विचारलं. पांढराशुभ्र, लांब शिंगांचा, चालीला देखणा, एवढं सांगून ती थांबली.

"साहेब, ज्यानं नेला त्याच्या जिवाला घोर हाय," ती म्हणाली. "वळू राखताना आमी आदी सभाव बघतो. ह्याचं समदं चांगलं, पन दोन गड्यांना शिंगावर घेतलंय त्यानं. असला सभाव वासरांत उतरतो. म्हनून उद्या डॉक्टर त्याला खच्ची करायला येनार हुते."

खच्ची करायच्या आदल्या दिवशीच चोरी झाली, हे मला खटकलं. मी विचारलं, "तो वेसणीला हात कुणाला लावू देतो?"

"मला, न्हाईतर माज्या दिराला."

फिर्याद लिहून घेऊन तिला घरी पाठवलं आणि दिराला बोलावून घेतलं. अंगानं दणकट माणूस, पण खुर्चीत बसताना त्यानं श्वास रोखून धरला. मोटारसायकलवरून पडलो, म्हणाला. मी शर्ट वर करायला लावला. बरगडीखाली एकच गोल, काळानिळा डाग होता. रस्त्यावर पडलेला माणूस आधी हात टेकतो आणि त्याचे तळवे सोलवटतात. याचे तळवे कोरे होते.

"खरचटलं कुठं तुम्हाला?" मी विचारलं. तो खाली बघत राहिला.

एवढ्यात फोन वाजला. पलीकडे ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम होता.

"साहेब, फडात कायतरी हाय. लई फुसकारतंय. बिबट्या आसंल. मानसं भायेर पळाली, पन एक बाई आतच ऱ्हायलीय. हाका मारतोय, तर ओ देईना."

मी फड कुठला ते विचारलं आणि त्यानं सांगितलेलं ठिकाण मोठ्यानं परत म्हटलं. दिराचा चेहरा पांढरा पडला.

"बिबट्या न्हाई, साहेब," तो पुटपुटला. "आमचा वळू हाय त्यो."

मग सगळं बाहेर आलं. या वळूचा बाप त्यानंच पसंत केला होता. असं रूप घरात पिढ्यान्‌पिढ्या आलं नव्हतं, आणि असा वळू खच्ची होणार, हे त्याला सोसलं नाही. पहाटे त्यानं वळू मित्राच्या गोठ्यात नेला. बांधताना वळूनं त्याला धडक दिली, दावं तोडलं आणि तो शेजारच्या उसात शिरला.

"मग इतका वेळ गप्प का बसलात?"

"वयनीला काय तोंड दाखवू, म्हनून."

आम्ही पोहोचलो तेव्हा चारी बाजूंचा ऊस तुटला होता. मधे एक पट्टा तेवढा उभा होता. टोळी लांब उभी होती. आत राहिलेल्या बाईच्या नवऱ्याला दोघांनी धरून ठेवलं होतं. वारा नव्हता, तरी पट्ट्यात एकाच जागी पाचट हलत होतं, आणि जड श्वास आमच्यापर्यंत ऐकू येत होता. माझा हात पिस्तुलावर गेला.

"आवाज नको, साहेब. बिथरला तर तिच्याच अंगावर जाईल," वहिनी हळूच म्हणाली. आमचा निरोप मिळताच ती टेम्पोतून माजावर आलेली एक गाय घेऊन आली होती.

गाय पट्ट्याच्या कडेला उभी केली. वेसण मी धरतो, असं दीर म्हणाला. गाय हंबरली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग ऊस कडाकडा मोडला आणि वळू बाहेर आला. गायीजवळ येऊन तो थांबला. वहिनी त्याच्याशी बोलत राहिली आणि दिरानं पुढं होऊन वेसणीत दोर ओवला. दोघांनी त्याला बाभळीला आवळून बांधलं.

मी आत गेलो. ती बाई सरीत बसली होती. पदराचा बोळा तोंडात कोंबला होता, डोळे सताड उघडे. वळू तिच्या इतका जवळ उभा होता की त्याचे खूर तिच्या कोयत्याशेजारी उमटले होते. "ताई, बांधलं त्याला," मी म्हणालो. तिला उठता येईना. बाहेर आणल्यावरही तिनं माझा हात सोडला नाही.

वळू ठरल्याप्रमाणे खच्ची झाला. दिरावर गुन्हा दाखल झाला आणि पुढे न्यायालयाच्या परवानगीनं त्यांच्यात तडजोड झाली. जबाबावर सही करताना वहिनी म्हणाली, "वळूचं काय करायचं ते मला कळत हुतं, साहेब. दिराचं काय करू?"

तो माणूस वाईट नव्हता. लाजेपोटी तो माझ्यासमोर बसून राहिला आणि तिकडे माणसं कोयते घेऊन त्या फडात शिरत होती. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत, चौकशीला बसलेल्या कुणालाही 'काय केलंस' असं मी आधी विचारलं नाही. "आत्ता, या घटकेला कुणाच्या जिवाला धोका आहे का?" हा माझा पहिला प्रश्न असायचा. काही जण त्यावर लगेच बोलायचे. जे नुसतेच खाली बघायचे, त्यांच्यासाठी मी आधी जीप काढायला सांगायचो आणि बाकीचं वाटेत विचारायचो.