भियाबाईंची ओसरी

आमच्या माळव्यातल्या धारच्या मुलींच्या शाळेतल्या बाई अस्सल मराठी, पण कुणालाही माळवी लोकांसारखं सरसकट ‘भिया’, म्हणजे भाऊ, म्हणायच्या. शिपाई भिया, टांगेवाला भिया. एकदा तर रागाच्या भरात त्या माझ्या वडिलांनाच ‘अहो भिया’ म्हणाल्या. तात्या संस्थानच्या दरबारात कारकून. घरी येऊन पगडी उतरवता उतरवता ते एकदम हसत सुटले. तेव्हापासून त्या गावभर भियाबाई झाल्या.

त्या आल्या तेव्हा शाळेत आम्ही एकोणीस मुली होतो, आणि सगळ्या मराठी अंमलदारांच्या, कारकुनांच्या, भटजींच्या. शाळा दरबारची, सर्वांना खुली. तरी माळवी बोलणारी एकही मुलगी तिची पायरी चढत नसे. अशा लोकांना आमच्या घरांत ‘रांगडे’ म्हणत. बाईंचं बालपण नर्मदाकाठच्या नेमावरला गेलेलं, त्यामुळे माळवी त्यांना घरच्यासारखी. रोज संध्याकाळी त्या तेल्यांच्या, कुंभारांच्या, बोहऱ्यांच्या ओट्यावर जाऊन बसत, शाळेचं नावही न काढता गप्पा मारत आणि उठता उठता म्हणत, “काले छोरी के भेजजो, भिया.” म्हणजे, उद्या पोरीला धाडा.

दोन महिन्यांत चौदा मुली आल्या. जिची भाषा आपल्याला येत नाही तिच्या शेजारी बसायचं, एवढाच बाईंचा नियम. माझ्या शेजारी तेल्यांची गेंदी आली. पहिल्याच दिवशी तिनं मला तीन माळवी शिव्या शिकवल्या. त्यांतली मला फार गोड वाटलेली एक मी रात्री पानावर बसून आत्याबाईंना म्हणून दाखवली. त्यांच्या हातातली पळी आमटीत पडली.

आठवड्याच्या आत शाळेच्या कमिटीकडे तक्रार गेली, आणि सहा-सात महिन्यांनी हुकूम आला. मराठी मुली खोलीत बसतील, बाकीच्या ओसरीवर. बाईंनी तो आम्हाला वाचून दाखवला, मुलींची वाटणी केली, मग आपली खुर्ची उचलली आणि ओसरीवर नेऊन ठेवली. “मी कुठं बसायचं ते यात लिहिलेलं नाही,” त्या म्हणाल्या.

आम्ही आत शुद्धलेखन गिरवत बसलो. पितृपक्ष चालू होता. माळव्यातल्या मुली त्या दिवसांत भिंतीवर शेणानं संजा काढतात, तिला फुलं चिकटवतात आणि गाणी म्हणतात. बाहेर तेच चाललं होतं, आणि सगळ्यांत मोठा आवाज बाईंचा. मी पाणी प्यायला म्हणून उठले ती परत आलेच नाही. दुसऱ्या दिवशी निम्मी खोली तहानलेली निघाली. तिसऱ्या दिवशी न्यायाधीशांची यमू तेवढी आत उरली. तीही दुपारी पाटी घेऊन रडत बाहेर आली.

आणि नेमके त्याच वेळी शाळांचे तपासनीस साहेब आले. मागे कागद धरून तात्या. तेहतीस मुली ओसरीवर, कोपरापर्यंत शेण, खोली रिकामी. मुली बाहेर कुणी आणल्या, असं साहेबांनी विचारलं. बाई शांतपणे म्हणाल्या, “कुणीच नाही. आत जागा आहे, साहेब. शाळा तेवढी बाहेर आहे.”

बाईंची नोकरी गेली असंच मला वाटलं. साहेबांनी गेंदीला मराठी धडा वाचायला लावला. ती एकदाही न अडखळता वाचत गेली. मग मला संजाचं गाणं म्हणायला सांगितलं. माझी माळवी ऐकून तात्यांनी कागद तोंडासमोर धरले. ते कागद हलत होते. साहेब आभाळाकडे बघू लागले. शेवटी म्हणाले, पाऊस येईलसं दिसतं, मुली भिजतील, सगळ्यांना आत घ्या. आभाळ स्वच्छ होतं.

सहा मुलींना घरच्यांनी काढून घेतलं; त्यांतल्या चौघी दिवाळीनंतर परत आल्या. मला आत्याबाईंनी काढू पाहिलं, पण तात्या ऐकेनात.

दोन वर्षांनी बाईंना देवासला बोलावणं आलं. त्यांचा टांगा वळेपर्यंत आम्ही मागे धावलो, धापा टाकत रडलो, आणि गेंदी चिखलात पडली म्हणून रडता रडता हसलो.

नव्या बाईंनी पहिल्याच दिवशी मराठी मुलींना हात वर करायला सांगितलं. सगळ्यांच्या आधी गेंदीचा हात वर गेला, मग कुंभारांच्या दोघींचा, बोहऱ्यांच्या सकीनाचा, आमचा. बाई गोंधळल्या. मग माळवी मुली कोणत्या, असं त्यांनी विचारलं.

एकही हात खाली आला नाही.