नायनांचं राहिलेलं सँपल

मला एक खोड आहे, आधीच सांगून टाकते. कॉम्प्युटरवर एकच वॉलपेपर ठेवणं मला जमत नाही. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क. सकाळी कॉम्प्युटर चालू झाला की पहिला वॉलपेपर बदलायचा, मग दाखले आणि बाकीची कामं. सोमवारी डोंगर, मंगळवारी सूर्यफुलं, परीक्षेच्या दिवसांत एखादं झोपलेलं मांजर. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणतात, "अगं, एवढ्या हौसेनं साडी तरी बदलतेस का?" म्हणू देत. दिवसभर ज्याच्या तोंडाकडे बघायचं, ते तोंड जरा बरं नको का?

घरी तर विचारूच नका. घरचा कॉम्प्युटर जुना, पण स्क्रीन चांगली मोठी. बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली ठेवलाय. तिथं मी हलणारे वॉलपेपर लावायची. मध्यंतरी एक धबधबा लावला होता, पाणी नुसतं कोसळतंय. अम्मा मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "नळाला पाच दिवसांनी पाणी येतंय, अन् हिच्या कॉम्प्युटरात बघ, चोवीस तास धो धो!" त्या धबधब्यापायी कॉम्प्युटर इतका रखडायला लागला की दोन दिवसांत तो काढावाच लागला. अम्माला बरंच वाटलं.

नायना मात्र कधी काही बोलले नाहीत. नायना म्हणजे माझे वडील. आमच्या तेलुगू घरात वडिलांना नायना म्हणतात, आईला अम्मा. ते त्या खोलीत यायचे ते कॉम्प्युटरकडे पाठ करूनच. पेपर वाचायचा तर खुर्ची उलटी फिरवून बसायचे, मग स्वतःचीच सावली पेपरावर पडली तरी चालेल. मी एकदा म्हटलं, "नायना, तो काय चावतोय का?" त्यांनी पेपरचं पान उलटलं, बस्स.

त्याला कारण होतं. नायनांनी जन्मभर चादरींची डिझाईनं काढली. कारखान्यात एका टेबलाशी बसून, चौकटींच्या ग्राफ कागदावर, एकेक बारीक चौकट रंगवत. एक चौकट म्हणजे कापडातला एक धागा असा त्यांचा हिशोब. कागदावर एकच मोर काढायचा. मागावर गेला की त्या एका मोराचे शंभर मोर होऊन चादरभर पसरायचे. आधी हातभर कापड विणून बघायचं, त्याला सँपल म्हणायचे. सँपल घरी आलं की नायना ते दोरीवर टाकायचे, चार पावलं मागं जायचे आणि डोळे बारीक करून बघत राहायचे. मग परत कागद, परत पेन्सिल. आम्ही पोरं त्या वेळी त्यांच्या अन् दोरीच्या मधून पळालो तर धपाटा ठरलेला.

मग कारखान्यात कॉम्प्युटर आला. बारा-तेरा वर्षं झाली असतील. नायना त्या वेळी एका डिझाईनवर तीन महिने बसले होते. मोर, त्याच्याभोवती वेल, वेलीला कळ्या. ते घेऊन शेठकडे गेले, तर शेठनी गुंडाळी सोडलीसुद्धा नाही. म्हणाले, "आता हे सगळं कॉम्प्युटर करतोय. तुम्ही आराम करा." नायना घरी आले, गुंडाळी पत्र्याच्या नळीत घातली, नळी कपाटावर टाकली. त्या दिवसापासून त्यांनी पेन्सिल हातात धरली नाही. दुधाचा खाडासुद्धा कॅलेंडरवर अम्मानंच लिहायचा.

एक गोष्ट मात्र ते वर्षातून दोन-चारदा तरी म्हणायचेच. पाहुणे आले, चादरींचा विषय निघाला की, "माझं सगळ्यात चांगलं डिझाईन विणलंच नाही कुणी." एवढं म्हणून गप्प व्हायचे. त्या गप्प बसण्याची मला चीड यायची. शेठची यायची, कॉम्प्युटरची यायची, आणि खरं सांगू का, नायनांचीही यायची. सत्तरीला आलेला माणूस, हातात एवढी कला, अन् दिवसभर भिंतीकडे तोंड! मला तो चार पावलं मागं जाणारा माणूस परत पाहिजे होता.

त्याला निमित्त झालं माझ्याच चुकीचं. एका सुट्टीच्या दिवशी मी जास्वंदीचा एक फोटो वॉलपेपर म्हणून लावायला गेले. फोटो निघाला एवढासा, आणि माझं बोट पडलं भलत्याच ठिकाणी. वॉलपेपर 'टाईल' झाला, म्हणजे तो फोटो फरशांसारखा एकाला एक लागून स्क्रीनभर पसरला. पन्नासेक जास्वंदी! मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात नायना चहाचा कप घेऊन मागून चालले होते. ते थांबले.

"जोड चुकलाय," ते म्हणाले.

मी वळून बघितलं. नायना कॉम्प्युटरकडे बघत होते! "देठ हितं तुटतोय बघ, पुढच्या फुलाला मिळत नाही. कुणी केलंय असं गबाळं काम?" आणि मग आपण कुणाशी बोलतोय हे ध्यानात आल्यासारखे झटकन आत निघून गेले. मी जागेवरच बसून राहिले. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, ती कपाटावरची नळी.

दुसऱ्या दिवशी नायना कटिंगला गेले तेव्हा मी स्टुलावर चढून नळी काढली. अम्मा खाली स्टूल धरून उभी. "त्यांना कळलं तर?" ती म्हणाली. मी म्हटलं, "कळावं म्हणूनच तर करतेय की." झेरॉक्सवाल्याकडे मोठ्या मशीनवर कागद स्कॅन करून आणला, नळी होती तिथं ठेवली. पुढचे चार दिवस मी त्या चित्राच्या कडा कापत होते. एक चौकट जास्त गेली की मोराची चोच तुटायची, एक कमी पडली की मध्ये रेघ यायची. ज्या कामाला आम्ही लहानपणी 'चौकटी रंगवणं' म्हणून हसायचो, त्यानं माझे डोळे अक्षरशः पांढरे केले.

रविवारी सकाळी वॉलपेपर लावला आणि हाक मारली. "नायना, जरा बघता का? जोड बसलाय का सांगा."

ते कपाळाला आठ्या घालूनच आले. स्क्रीनकडे बघितलं आणि आठ्या तिथंच राहिल्या. त्यांचा मोर. तेरा वर्षं नळीत पडलेला, कधीच न विणलेला मोर, ओळीनं स्क्रीनभर पसरला होता. वेल एका मोराकडून दुसऱ्याकडे जात होती. त्यांनी हे आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. कागदावर त्यांच्याकडे एकच मोर होता ना! अम्मा दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

"हे डाग कसले?" नायनांनी विचारलं.

डावीकडची आयकॉन्स! मी घाईघाईनं सगळी उचलून एका फोल्डरात कोंबली. नायना जवळ आले. काचेवर बोट न टेकवता बोट फिरवत वेलीचा जोड बघितला, चोच बघितली, शेपटी बघितली. "बसलाय," ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

मग ते मागं सरकले. एक पाऊल, दोन, तीन, चार. पाठ भिंतीला लागली. डोळे बारीक केले. आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काय झालं, नायना?"

त्यांनी हातानं हवेत एक तिरपी रेघ ओढली. मी त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिले आणि मलाही दिसलं. वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत, मोरांच्या मधून, एक पांढरी तिरपी वाट गेली होती. एका मोरात ती कुठंच नव्हती. सगळे एकत्र आले की दिसत होती, आणि एकदा दिसली की तीच दिसत होती.

अगं बाई, हे मी काय करून बसले! तेरा वर्षं ज्या एका गोष्टीच्या आधारावर हा माणूस जगला, ती मीच हातानं मोडली. माझे डोळे भरून आले. मी माऊस पकडला आणि वॉलपेपर काढायला लागले.

"राहू दे!" नायना ओरडले. लहानपणी मधून पळालो की ओरडायचे तसेच. "कशाला काढतेस? सँपल आहे ते. सँपलमधे चूक दिसायचीच की. पेन्सिल आण."

घरात पेन्सिल होती का? नव्हती. ग्राफचा कागदही नव्हता. मी चप्पल घालून कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात पळत गेले, दुकान उघडतच होतं. परत आले तर नायनांनी आपली खुर्ची सरळ करून कॉम्प्युटरसमोर ठेवली होती, आणि अम्मा ग्राफ पसरायला टेबलावरची माझी सगळी अडगळ उचलून पलंगावर टाकत होती.

पुढचे अकरा दिवस मला घरी कॉम्प्युटर मिळाला नाही. नायना एक कळी वर सरकवायचे, वेल वाकवायचे, मग मी झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून आणून लावायची, मग चार पावलं मागं. "अजून दिसतीय." परत कागद. हात थरथरतो म्हणून चौकटी मी रंगवल्या, तर बोलणी खाल्ली. "बिड्डा, अगं पोरी, घाई कशाची हाय? चौकटीच्या बाहेर गेलीस बघ." अम्मा चहा ठेवायची, निवलेला कप उचलायची, परत ठेवायची. तिच्या तोंडून एक तक्रार नाही.

अकराव्या दिवशी संध्याकाळी वाट मिटली. नायनांनी भिंतीला टेकून बघितलं, डावीकडून बघितलं, चष्मा काढून बघितलं. नुसते मोर होते. मग ते खुर्चीत येऊन बसले आणि कितीतरी वेळ बघत राहिले.

शेवटी त्यांनी मला जवळ बोलावलं. एक डोळा स्क्रीनवर ठेवून, आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "तेरा वर्षं मी ह्याला शिव्या घातल्या. अन् डिझाईन माझंच पुरं नव्हतं." मग माझा हात दाबला. "पण तू काही त्याला सांगू नको."