अर्ध्या मुळ्या या वर्षी, अर्ध्या पुढच्या

आदिलाबादच्या बसस्टँडवर नागपूरची गाडी लागली, तेव्हा माझ्या पायाशी ट्रंक होती आणि मांडीवर फडक्यात गुंडाळलेली बाबांची जुनी खुरपी. चौऱ्याऐंशी साल, लग्नाला जेमतेम महिना झालेला. यांची नोकरी सरकारी नकाशाच्या हापिसात, तिकडे पार मसुरीला. माय तोंडात पदर धरून उभी होती. बाबा खिडकीपाशी आले अन् म्हणाले, "डोंगरात काही उगवते का नाही, कोन जाणे. पन खुरपी असू दे. हात रिकामा ठेवू नको, बाई." नवी नवरी खुरपी घेऊन नांदायला चालली म्हणून शेजारची तेलुगू बाई तोंड दाबून हसली. मीही हसले, आणि मग पांढरकवड्यापर्यंत रडत गेले.

आदिलाबादला लागून आमचं गाव मावला, तिथं आमचा भाजीचा मळा. वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर. पाटी-पेन्सिल हातात यायच्या आधी माझ्या हातात रोप आलं होतं. मसुरीत गेल्या गेल्या मी क्वार्टरच्या मागं वांगी लावली, ती फुलावर यायच्या आधीच गारठून मेली. दुसऱ्या वर्षीही तेच. चहूकडे नुसतं बांजाचं रान. इंग्रजीत ओक म्हणतात तेच हे झाड. पान वरून गर्द हिरवं, खालून चुना लावल्यासारखं पांढरं. ना त्याची भाजी होते, ना चटणी. म्हटलं, बाप्पा, या झाडाचं करायचं तरी काय?

उत्तर वरच्या बंगल्यात होतं. तिथं एका कर्नलची विधवा राहायची, आम्ही तिला आंटी म्हणायचो. तिच्या व्हरांड्यात परातीएवढ्या चपट्या कुंड्यांत आख्खी झाडं होती, वीतभर उंचीची आणि म्हाताऱ्या खोडाची. बोन्साय हा शब्द मी तिथं पहिल्यांदा ऐकला. पण बांज काही तिला साधत नव्हता. दरसाल रानातून खोडं खणून आणायची, कुंडीत बसवायची, आणि उन्हाळ्यापर्यंत सगळी वाळून कोळ. "ओक बड़ा ज़िद्दी है," ती म्हणायची. मी म्हटलं, "आंटी, ज़िद्दी नहीं है. आप एकदम निकालते हो, इसलिए." त्या दिवसापासून तिनं माझं नाव बैंगनवाली ठेवलं.

मला आठवत होतं ते आमचं पेरूचं झाड. विहिरीवर मोटार बसवायची म्हणून ते हलवावं लागलं, तेव्हा बाबांनी दोन वर्षं घेतली होती. एका बाजूनं चर खणला, तेवढ्याच मुळ्या तोडल्या, शेणखत-माती भरली आणि सोडून दिलं. दुसरी बाजू पुढच्या साली. "अर्ध्या मुळ्या या वर्षी, अर्ध्या पुढच्या. एकदम तोडलं त झाड घाबरते," हे त्यांचं वाक्य.

आमच्या क्वार्टरमागं बकऱ्यांनी खाऊन खाऊन बुटका केलेला एक बांज होता. उंची गुडघ्याएवढी, खोड मनगटाएवढं. मी त्याच खुरपीनं अर्ध्या अंगाला चर खणला. आंटी रोज विचारायची, "निकला क्या?" मी म्हणायची, "अगले साल." ती कपाळाला हात लावायची. तिसऱ्या वर्षी झाड उचललं, तर तोडल्या जागी बारीक मुळ्यांची दाढी फुटलेली! पुढं सगळं घरचंच काम. पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या झाडाचा, शेंडा खुडला की बगला फुटतात, तसा याचा शेंडा खुडत गेले. तांब्याच्या तारेनं फांद्या वाकवल्या, आणि साल चिरायच्या आत तार सोडली. एका फागुनात आंटीनं चष्मा लावून ते झाड सगळीकडून पाहिलं आणि म्हणाली, "बैंगनवाली, ये मुझसे नहीं हुआ." गर्व झाला का म्हणाल, तर झाला. काऊन होऊ नये?

फुलांच्या प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. मी फोटो मावल्याला धाडला. भावाचं पत्र आलं. "बाबा म्हणतात, झाडाले उपाशी ठेवून खुरटवणं पाप हाय. आपल्या घरानं झाडं वाढवली. हे तू काय करून राह्यली?" सगळी विद्या त्यांची, खुरपी त्यांची, आणि त्यांनीच पाप म्हणावं! माहेरी जात राहिले, पण झाडाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. आंटीचं कौतुक, ते बक्षीस, सगळं मला बिनमिठाचं लागायचं.

सत्याण्णवच्या संक्रांतीला मी झाडच उचललं. गाडीत दोन दिवस मांडीवर घेऊन बसले. हे म्हणाले, "पोरांना एवढं मांडीवर घेतलं नाहीस कधी!" मावल्याच्या अंगणात कुंडी ठेवली आणि बाजूला उभी राहिले. बाबा उकिडवे बसले. पान उलटून पाहिलं, मातीत बोट घातलं. मग त्यांचा हात एका फांदीशी थांबला. टोपी घातलेलं, सुपारीहून लहान असं काहीतरी तिथं लागलं होतं.

"हे काय व?"

"फळ हाय, बाबा. चार लागले औंदा."

त्यांनी ते बोटानं हलकेच उचलून पाहिलं. मग म्हणाले, "उपाशी झाड फळत नसते." आणि उठून गल्लीत ओरडले, "या रे, पाहा, पोट्टीनं काय केलं!" अर्धं मावला अंगणात जमलं. माय सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवत होती, आणि बाबा प्रत्येकाला सांगत होते की हे झाड दोन वर्षं घेऊन काढलं आहे, एकदम नाही.

लोक पांगल्यावर त्यांनी विचारलं, "अर्ध्या मुळ्यांचं कोनं सांगितलं तुले?"

"तुमीच. पेरूच्या वेळेस."

त्यांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले. "तुले मात्र आमी एकदमच उपटलं व, बाई."

मी त्यांचीच पोरगी. म्हटलं, "फळली ना पन?" तेव्हा ते हसले.

गाव सोडून गेलेल्यांनो, तुमच्यातले कोणी हैदराबादेत, कोणी नागपुरात, कोणी दुबईत. आपल्याला कोणी दोन वर्षं दिली नाहीत, आणि तरी आपण लागलो. मसुरीत मी आदिलाबादवाली, मावल्यात मसुरीवाली, आणि दोन्ही नावांना मी ओ देते.

निघायच्या दिवशी बाबांनी मळ्यातली मूठभर काळी माती आणून कुंडीत एका कडेला दाबली. काळी माती कुंडीला चालत नाही, पाणी धरून ठेवते, मुळ्या सडतात. आंटी तर ओरडलीच, "ये क्या कीचड़ भर लायी?" त्यानंतर मी कितीदा तरी कुंडी बदलली, सगळी माती बदलली. तेवढी एक मूठ मात्र दरवेळी परत त्याच कडेला दाबते.