भागाईचे पान

अनंतदादा गेल्याची बातमी सोहारहून आली, तेव्हा आमच्या कुळातली मस्कतची मंडळी माबेला उपनगरातल्या माझ्या घरी जमली. शोक चहा येईपर्यंत टिकला... मग कुलवृत्तांत समितीचे अध्यक्ष बापूकाका कप खाली ठेवत म्हणाले, "वाईट झालं. पण आता भागाईचा विषय खलास समजा." कुणीतरी मान डोलावली. मला किळस आली. ती अजून गेलेली नाही, आणि तिच्यातून मी स्वतःलाही वगळू शकत नाही.

अनंतदादा माझा दूरचा चुलतभाऊ, सोहारच्या कारखान्यात इंजिनियर. आमचा मूळपुरुष रुद्राजी, सुलतानी अमलातला कोकणचा वतनदार. गावच्या देवळातल्या शिलालेखात त्याची एकच पत्नी आहे, उमाई. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत दोन आहेत, उमाई आणि भागाई. आमच्या छापील कुलवृत्तांताने यावर सोपा तोडगा काढला. त्याने भागाईला 'नाटकशाळा', म्हणजे ठेवलेली बाई, म्हटले. बापूकाका आणि मी उमाईच्या वंशातले, अनंतदादा भागाईच्या. त्या एका शब्दाने त्याच्या मागची सारी माणसे अनौरस ठरली होती. दुसऱ्या आवृत्तीत तो शब्द जावा, एवढीच त्याची मागणी होती.

"शिलालेख उमाईच्या मुलानं कोरवला," तो शांतपणे सांगे. "तो सावत्र आईचं नाव कशाला घालील? आणि ठेवलेल्या बाईचं श्राद्ध करायला कुणी नाशिकपर्यंत जातं का रे?"

समितीच्या बैठकीत बापूकाका म्हणाले होते, "अनंता, इतक्या पिढ्यांनी आजीचं लग्न लावायला निघालास? अक्षता सोहारहून आणणार का?" सगळे हसले. समितीचा सभासद असलेला मीही हसलो, आवाज न करता. बाहेर गाडीपाशी त्याने विचारले, "तुला तरी पटतंय ना?" मी म्हणालो, "बघू, इन्शाल्ला." आखातात इतकी वर्षे काढलेल्या माणसाला त्याचा अर्थ बहुधा 'नाही' असतो, हे सांगावे लागत नाही. तो हसून गाडीत बसला.

सर्वपित्री अमावस्येला तो रजा काढून आम्हाला जेवायला बोलावी. सोहारच्या बागेतली केळीची पाने आणून मूळपुरुषाच्या पानाशेजारी उमाई आणि भागाईची अशी दोन पाने मांडी. "तर्पणात सापत्नमातेला जागा आहे," तो म्हणे. "शास्त्राला सावत्र आई चालते, फक्त आपल्या समितीला चालत नाही." भागाईच्या पानावर तूप मात्र तो सर्वांत शेवटी वाढी. "तिला वाट पाहायची सवय आहे."

यंदाची अमावस्या माझ्या घरी झाली. बापूकाका पाटावर बसता बसता थबकले.

"हे दुसरं पान कुणाचं?"

"भागाईआजीचं. आणि काका, तो शब्द ठेवणार असाल, तर नव्या आवृत्तीला माझी संमती नाही."

"मेलेल्यासाठी जिवंत माणसं तोडतोस?"

ते न जेवता गेले. चपला घालताना बराच वेळ लावला, मी थांबवेन म्हणून असेल... मी थांबवले नाही. आत येऊन तुपाचे भांडे घेतले आणि भागाईच्या पानावर आधी वाढले.